अकरावी खुर्ची

मंगळवार, ३ मार्च

परत उठून गेले! विरोधकांचे दहाच्या दहा. मी कारखान्यातली पाळी संपवून मुद्दाम नगरपालिकेच्या सभेत प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले होते. रात्रीच्या बसचा विषय निघाला, आमच्या भावोजींनी कागद आपटले आणि त्यांच्यामागे सगळी रांग दाराबाहेर. एकवीसपैकी अकरा सभासद जागेवर असल्याशिवाय मतदान होत नाही. सत्तेवाल्यांचे अकरा आहेत खरे, पण त्यातला एक नातू बघायला परदेशी जाऊन बसलाय. उरले दहा. सभा बरखास्त.

पंचवीस तारखेपर्यंत बस मंजूर झाली नाही, तर कारखाना दुसरी पाळी शेजारच्या गावाला नेणार. त्या पाळीसाठी छत्तीस बायकांची निवड झाली आहे, रात्री घरी परतायला त्यांना बस हवीच. त्यात माझी लेक. दोन वर्षं घरी बसून आहे.

बुधवार, ४ मार्च

आज चारशे बॅगा निघाल्या! माझं काम चाकं तपासायचं — दर दहावी बॅग फरशीवरून ढकलायची, तिरकी गेली की बाजूला. दोन वर्षांपूर्वी आठवड्याला एवढ्या होत नव्हत्या. लोक पुन्हा प्रवासाला निघालेत. न्हाव्याने दर वाढवलाय, तरी बाकावर जागा नाही. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाचं शटर उघडलं. आत झाडलोट चालली होती. मला रस्त्यात उगाच हसू येत होतं.

रविवार, ८ मार्च

भावोजी जेवायला. हे गेल्यापासून चार वर्षांत माझ्या दिराने एक रविवार चुकवलेला नाही. माणूस सोन्यासारखा. फक्त विरोधी पक्षाचा नेता आहे! तेजीबिजी काही नाही म्हणाले, नुसती सूज आहे. मग कारखान्यात नवी मशिनं कशाला आली, असं मी विचारलं. दाखवायला, म्हणे. आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

लेक म्हणाली, "काका, तुम्हाला दाराजवळची खुर्ची का देत नाहीत? तेवढंच चालणं वाचेल."

ते हसले. मग गंभीर झाले. "बस सुरू झाली की श्रेय त्यांचं, वहिनी. निवडणूक आठ महिन्यांवर आलीय. मी गप्प बसलो तर आमची माणसं मला फाडून खातील."

'आमची' म्हणजे माझीही. पंचवीस वर्षं ह्याच पक्षाला मत दिलंय, ह्यांच्याबरोबर खळीची बादली घेऊन पोस्टरं चिकटवत हिंडलेय. हे असते तर काय केलं असतं? खोटं कशाला लिहू — हेही उठूनच गेले असते. आणि घरी आल्यावर मी तासभर भांडले असते. ते भांडण फार आठवतं.

मंगळवार, १० मार्च

उठले.

शुक्रवार, १३ मार्च

वाचनालयातून सभेच्या नियमांचं पुस्तक आणलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, हे कुणी नेत नाही, त्यापेक्षा कादंबरी देऊ का? माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन आपलं आपणच. दुकानाच्या पाट्यांपासून सुरुवात केली ती जाडजाड कादंबऱ्यांपर्यंत. पण इतकं रटाळ काही हाती लागलं नव्हतं. पान बेचाळीसवर मात्र झोप उडाली. जागेवर बसलेला माणूस मोजतात. त्याचं मत कुठल्या बाजूला, ह्याच्याशी देणंघेणं नाही!

रविवार, १५ मार्च

ताटं घ्यायच्या आधी पुस्तक पुढे ठेवलं. भावोजींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. वीस वर्षं सभासद आहेत, कधी उघडून बघितलं नव्हतं!

"बसा आणि विरोधात मत द्या," मी म्हटलं. "हवं तेवढं झोडपा त्यांना. दहा विरुद्ध एक असे तुम्ही हराल आणि बस सुटेल."

"सगळे उठल्यावर मी एकटा बसू? फुटला म्हणतील."

"पोरगी कामाला लागेल, भावोजी."

लेक ताटाकडे बघत होती. त्यांनी दुसऱ्यांदा काही घेतलं नाही. लवकर गेले.

मंगळवार, १७ मार्च

उठले. लेक शेजारच्या गावात खोलीला भाडं किती पडतं, ते विचारून आली.

तिच्याशिवाय हे घर म्हणजे मी आणि ह्यांचा फोटो.

रविवार, २२ मार्च

भावोजी आले नाहीत. ताट झाकून ठेवलं होतं. जास्त बोलले का मी? पण मग ते पुस्तक वाचायचं तरी कशाला!

मंगळवार, २४ मार्च

मंजूर. दहा विरुद्ध एक.

नऊ जण उठून गेले, भावोजी बसून राहिले. बाहेर त्यांच्या माणसांनी घेरलं, तेव्हा म्हणाले, गुडघा धरला, उठताच येईना. मग आमचे तीन जिने एकेक पायरी गाळत चढून आले.