लेन्स माझी, पाण्यातही मीच

मंगळवार, १७ ऑगस्ट २००४. येना, जर्मनी

आज मीटिंगमध्ये भांडले. म्हणजे आपल्याकडे भांडतात तसं नाही. इथल्यासारखं, आवाज न चढवता, "आल्झो..." (म्हणजे 'तर मग') अशी सुरुवात करून. तरी कान तापले ते तापलेच.

नोव्हेंबरात नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे जायचं ठरलं. हेरिंग मासळीच्या मागे ऑर्का, काळेपांढरे देवमासे, तिथल्या एका फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यात येतात, आणि समुद्रजीवांवर काम करणाऱ्या एका गटाला त्यांचे पाण्याखालचे फोटो हवेत. त्या दिवसांत तिकडे उजेड नावालाच. म्हणून कमी उजेडात चालणारी माझी लेन्स. माझी पीएच.डी. म्हणजेच ती लेन्स, दुसरं काही नाही. आणि प्रोफेसर शांतपणे म्हणतात, "पाण्यात डिर्क उतरेल, तू बोटीवर लॅपटॉप सांभाळ."

डिर्क शेजारच्या टेबलावर बसतो. डायव्हर. माणूस लाख चांगला. पण थंडीत फोकसची रिंग अडते कुठे आणि सुटते कशी, हे माझ्या अंगठ्याला ठाऊक आहे, त्याच्या नाही. म्हटलं, मी उतरते.

प्रो.: "तुला पोहता येतं?"
मी: "तोवर येईल."
दोघेही हसले. हसू देत.

शुक्रवार, २० ऑगस्ट

प्रो.ची अट आली. विम्याचं कारण. नोव्हेंबरच्या आत पोहण्याचा ब्राँझ बिल्ला मिळवला तर उतरायचं, नाहीतर बोटीवर. या देशात पोहायलासुद्धा परीक्षा आणि बिल्ले. आधी 'झेपफेर्डशेन', म्हणजे समुद्रघोडा, तो पाच-सहा वर्षांची पोरं मिळवतात. मग ब्राँझ.

अनघा (माझी रूममेट, नागपूरची, तोंडाळ) चहा गाळता गाळता म्हणाली, "तू सोलापूरची ना गं? तुमच्याकडे नळाला पाणी आलं तर लोक सण करतात. अन् तू चालली देवमाशांसोबत पोहायला."
बोल बाई बोल.

मंगळवार, ७ सप्टेंबर

तरणतलावावर पोरांच्या वर्गात मी एकटी घोडी. शिकवणाऱ्या फ्राऊ क्रूगर हातात लांब काठी घेऊन काठाकाठाने चालतात. बुडायला लागलं की काठी पुढे. आज तीनदा धरली. नाकात पाणी, डोक्यात ठणका. शेजारची चिमुरडी बेडकासारखी पाय मारत पुढे निघून गेली आणि पलीकडच्या टोकाला पोचल्यावर वळून माझ्याकडे बघत बसली.

घरी येऊन रडले थोडी. मग वरणभात खाल्ला. उद्या परत.

मंगळवार, २८ सप्टेंबर

समुद्रघोडा मिळाला!! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काठीला हात न लावता. कापडाचा बिल्ला असतो, पोहण्याच्या पोशाखावर शिवायचा. इथे आया पोरांच्या पोशाखावर शिवून देतात. मी माझा माझ्याच हाताने शिवला.
अनघा: "हे लावून फिरणार तू? लाज नाही वाटत?"
कसली लाज? कमावलाय.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

ब्राँझ. ब्राँझ. ब्राँझ.

अंतर पार झालं, तळातली रिंगही वर आणली, अडलं ते उडीपाशी. फळी फार उंच नाही, पण वर उभं राहिल्यावर पाणी पार खाली गेलं. फ्राऊ क्रूगर खालून, "शर्वरी, मी सहापर्यंतच असते हं." त्या एवढं कोरडं बोलल्या की हसू आलं आणि हसता हसताच उडी पडली. नंतर त्यांनी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा. स्वतःचा इतका अभिमान बारावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

प्रो.ना बिल्ला दाखवला. "या, गुट." म्हणजे हो, ठीक. एवढंच. पण पाण्यात घालायचा माझ्या मापाचा सूट मागवायला सांगितला.

रविवार, ३१ ऑक्टोबर

आईचा फोन. फराळाचं पार्सल पोचलं: चकल्यांचा चुरा, लाडू धडधाकट, तिळाच्या तेलाची बाटली आणि उटणं. नॉर्वेचं सांगितलं, पण अर्धंच. बोटीतून देवमासे बघायला जातोय, कामासाठी.
आई: "काठाकाठानं फिरा म्हणावं. आणि पहिल्या अंघोळीला तेल चांगलं चोळ बरं का. बर्फाचा मुलूख तो. अंगावर तेलाचा हात असला की थंडी आत शिरत नाही."
पाण्यात उतरणार हे सांगितलं नाही. आमच्या घराण्यात गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी गेलेलं नाही. तिला झोप लागणार नाही, आणि मग मलाही लागणार नाही.

मंगळवार, ९ नोव्हेंबर. नॉर्वे

विमान, बस, फेरी, पुन्हा बस. पोचलो. डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. दुपारीच दिवे लागतात.

बोट मारित नावाच्या बाईंची. पन्नाशीच्या, रुंद खांद्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सूट घालायला शिकवलं. आत कोरडं राहायचं, सगळी मदार गळ्याच्या आणि मनगटांच्या रबरी पट्ट्यांवर. त्या कातडीला घट्ट चिकटल्या की पाणी आत येत नाही. धक्क्याजवळ उतरून सराव केला. चेहरा आणि हात सोडले तर थंडी कळलीसुद्धा नाही.

अंधार पडता पडता लांबवर पाठीवरचे काळे पर दिसले, एकामागून एक. 

गुरुवार, ११ नोव्हेंबर. नरक चतुर्दशी

गाढवपणा केला. लिहूनच टाकते.

इथे सूर्य नवाच्या आसपास उगवतो, त्यामुळे सूर्योदयाआधीची अंघोळ जन्मात पहिल्यांदा आरामात झाली. तेल, उटणं, सगळं साग्रसंगीत. कारीट कुठलं मिळणार? न्याहारीतलं एक द्राक्ष टाचेखाली चिरडलं. झालं तेवढं पुरे होतं. पण आईचं बोलणं डोक्यात. अंग पुसल्यावर गळ्याला आणि मनगटांना मुद्दाम पुन्हा तेल चोळलं. थंडी शिरते ती तिथूनच ना! वर सूट चढवला. किती सहज चढला म्हणून खूषही झाले.

उतरले. ऑर्का समोरून येत होते, मारितनी बोटानं खूण केली, मी हात पुढे केला आणि दोन्ही मनगटांतून पाणी आत. मग गळ्यातून. "आई गं!" अशी ओरडले की फियोर्डभर घुमलं असेल. मारितनी मानगुटीला धरून वर ओढलं. ऑर्का बोटीखालून निघून गेले, मी पाठमोरी, डेकवर पालथी.

मारितनी सूट उतरवला, वास घेतला. "हे काय लावलंयस?"
"तेल."
"सूटच्या आत? तेलानं पट्टी घसरते. रबरही खराब होतं." मग मनगटाची पट्टी माझ्यापुढे धरली. फुगून सैल झाली होती. माझ्या मापाचा तेवढा एकच सूट.

डिर्क आधी हसला. मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि माझी लेन्स घेऊन स्वतः उतरला. परत आला तो मान हलवत. सगळे फोटो धूसर. "रिंग अडली. तू सांगितलं होतंस, गेनाऊ, अगदी असंच." प्रो.ना फोनवरही त्यानं हेच सांगितलं. मनाचा मोठा माणूस.

मग मारितनी भांडी घासायचा साबण हातात ठेवला. दिवाळीची दुसरी अंघोळ त्या साबणानं. उद्याचा एकच दिवस उरलाय. डिर्कनं जाऊ नये, मी जावं, असं कुठल्या तोंडानं म्हणू? तरी जेवताना म्हटलंच. डिर्क मारितकडे बघायला लागला, त्या ताटातले उकडलेले बटाटे सोलत राहिल्या.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

हात अजून नीट वळत नाहीयेत. तरी लिहायचंय.

सकाळी मारितनी त्यांचा स्वतःचा सूट पुढे टाकला. माझ्यासारख्या दोघी मावतील एवढा. मनगटांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले, गळ्याशी आणखी एक, आणि स्वतःच्या तळहाताने माझी मान घासून बघितली, तेल आहे का! मी म्हटलं, नाही. त्यांनी तरी पुन्हा घासली.

उतरले. पाणी आत आलं नाही.

आधी आवाज. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा, पण चहूबाजूंनी. मग डोकं खाली घातलं. हिरवट काळोख, आणि त्यात हेरिंगचे खवले तरंगत होते, काजूकतलीवरचा वर्ख उडावा तसे. मग खालून पांढरं काहीतरी वर आलं. आधी वाटलं, उजेडच आहे. ती एक मादी होती, बगलेला पिल्लू. पिल्लाचा पांढरा भाग चक्क नारिंगीकडे झुकणारा. ती माझ्याखाली कुशीवर वळली आणि वर बघितलं. माझ्याकडे. लोक डोळा समजतात तो पांढरा ठिपका म्हणजे डोळा नव्हे. खरा डोळा त्याच्या पुढे, खालच्या अंगाला, एवढासा.

घाबरले नाही असं लिहिणार होते. खोटं आहे. पण हात हलला नाही. रिंग अडली तिथेच, नेहमीच्या जागी, अंगठा दाबून धरला, सुटली. क्लिक. पुन्हा. पुन्हा.

ती गेली तेव्हा तिच्या शेपटीनं ढकललेलं पाणी छातीवर आलं. मग मी मास्कमध्ये रडले. मास्कमध्ये रडू नये, काच धुरकट होते. हेही शिकले.

डिर्कनं वर ओढलं. लॅपटॉपवर तिघं वाकलो. तो बारका डोळा स्वच्छ, त्याच्या वरचा एक जुना ओरखडासुद्धा. मारितनी त्या ओरखड्यावर बोट टेकलं. म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत मी हिला वरूनच बघत आलेय."

पणती नव्हती. मेणबत्ती लावली, लाडू वाटले. मी केलं हे. सोलापूरच्या शर्वरीनं. कोणाला गर्वाचं वाटलं तर वाटू दे.

मंगळवार, २३ नोव्हेंबर. येना

दादाला फोटो मेलवर पाठवला होता. त्यानं सायबर कॅफेतून छापून घरी नेला. आज आईचा फोन.
"फोटो सुरेख आहे गं. काढला कोणी?"
"मी."
"हा तर पाण्याच्या आतला आहे."
"हो."
"मग तू कुठं होतीस?"
"आतच होते, आई."
मग आई सुरू झाली. दगडाच्या काळजाची काय, एवढं शिकून हीच अक्कल काय, आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं काय. सगळं ऐकून घेतलं. चूक तिची नाही, मीच सांगितलं नव्हतं. शेवटी एकदम आवाज खाली. "त्यानं बघितलं का गं तुझ्याकडे? देवमाशानं?"
"तिनं. बाळंतीण असावी, पिल्लू होतं बरोबर."
"अगंबाई," म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला. बाबांनी "थंडी फार आहे का तिकडे?" एवढंच दोनदा विचारलं.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

दादाची मेल. आई फोटो पर्समध्ये घालून फिरते. भाजीवालीला दाखवला, भिशीच्या बायकांना दाखवला, दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारच्या पेशंटला दाखवला. "आमच्या शर्वरीनं पाण्यात उतरून काढलाय. तेवढ्यासाठी पोहायला शिकली." हे वाचून लॅबमध्ये डोळे पुसले. डिर्कनं रुमाल सरकवला.

दुपारी प्रो.नी बोलावलं. फोटो भिंतीवर लावलाय त्यांनी! पण माणूस हिशेबी. जानेवारीत पुन्हा जायचंय, म्हणाले, तेव्हा सूर्य उगवणारच नाही, दिवसभर संधिप्रकाश, थंडी जास्त. एक दिवस तू खराब केलास, एक दिवस सोन्याचा केलास. कुठला दिवस धरू? मी म्हटलं, दोन्ही धरा आणि मला पाठवा. ते म्हणाले, "विचार करतो."

संध्याकाळी आईचा पुन्हा फोन, थेट मुद्द्यावर. "परत उतरणार आहेस का?"

प्रो. आणि आई, एकाच दिवशी दोघांशीही तोच विषय: मी परत उतरायचं की नाही. दोघांनाही उतरणार म्हटलं. अजून दोघांचीही परवानगी आलेली नाही.