आत्या कोणाकडून?

५ ऑक्टोबर, सोमवार
रजा टाकून मुंबईला गेलो, आत्याला पेणला घेऊन आलो. अण्णांची थोरली बहीण. लग्न होऊन कराचीला गेली तेव्हा सगळा एकच मुलूख होता. नवरा तिकडच्या गोदीत. फाळणी झाली, नोकरी सुटेना, राहिले ते राहिलेच. आता नवरा नाही. अण्णांच्या लग्नाला एकदा आली होती म्हणे. मी आज पहिल्यांदा पाहिली. नाक अण्णांचंच.
गाडीने जिते स्टेशन सोडल्यावर उठून दाराशी उभी राहिली. "मी गेले ती धरमतरवरनं, लाँचनं. ही गाडी नव्हती रे तवा."
अण्णा ओटीवर वाट बघत. "आलीस?" "आले." बस. मग अण्णा पाणी आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

६ ऑक्टो., मंगळ.
पोलीस ठाण्यात आत्याची हजेरी. हवालदार माणूस बरा, तिला स्टूल दिलं. पण दोनदोनदा बजावलं. व्हिसावर मुंबई आणि पेण, एवढंच. "हद्दीबाहेर नाय जायचं, मावशी. गडबला पन नाय." माझ्या बायकोचं, सुमनचं, माहेर गडब, तिला हसू आलं. आत्याला नाही आलं.
संध्याकाळी आळीतल्या बायका बघायला. आत्याचं बोलणं ऐकून थक्क. आमच्यापेक्षा जुनं मराठी. मधेच एखादा 'शुक्रिया'. मग स्वतःच जीभ चावते.
समोरचा प्रकाश तेवढा आला नाही. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. सीझन संपला, सध्या घरीच आहे. तरी नाही.

८ ऑक्टो., गुरु.
फर्स्ट शिफ्ट. घरी आलो तर वाद चाललेला. धाकटी आत्या, कुसुम, रोह्याला असते. पडून कंबर मोडली, तेव्हापासून खाटेवर. ती इकडे येऊ शकत नाही, ही तिकडे जाऊ शकत नाही. मी रोज रोह्याला कंपनीत जाऊन येतो.
अण्णा ऐकेनात. एसटीत ड्रायव्हर होते, सगळ्या नोकरीत एक मेमो नाही. "कायदा म्हंजे कायदा. तुला आत टाकलान तर?"
आत्या म्हणाली, "मी कुसुमला बघायला आलेय रे. तुला बघून झाला."
अण्णांना लागलं ते. जेवले नाहीत नीट.

९ ऑक्टो., शुक्र.
शारजाची मॅच. पाक. वि. लंका. आपली नव्हतीच. तरी घर भरलेलं, आळीत कलर टीव्ही आमच्याकडेच. प्रकाशही आला. मॅचला येतोच.
सगळे लंकेकडून. मी पण घसा फोडून. लंकेच्या निम्म्या पोरांची नावंसुद्धा येत नाहीत आम्हाला. लंका जिंकली, प्रकाश मला उचलून नाचला.
आत्या स्वयंपाकघराच्या दारात. सगळं शांत झाल्यावर विचारलंन, "आपली टीम खेळत नव्हती ना? मग एवढे कशाला खूश झालात?"
सगळे हसले. मी म्हटलं, "असंच असतं आत्या." 
प्रकाश हसला नाही. म्हणाला, "माज्या भावाला इचारा." आणि चपला घालून गेला.
आत्याला सांगितलं मग. प्रकाशचा थोरला, सुदाम, फौजेत. एकाहत्तरच्या लढाईत गेला. प्रकाश तेव्हा शाळेत. आत्याने विचारलं, "आई हाय का त्यांची?" म्हटलं, आहे, तीच ती समोर पापड वाळत घालते ती.
आत्या म्हणे, "तिलाच मी दोन दिवस हसून बघतेय. ती मान फिरवते."

१० ऑक्टो., शनि.
ठरवलं. उद्या कंपनीला सुट्टी. अण्णांना सांगायचं नाही. सुमनलाच सांगितलं. "पकडलं तर?" म्हणाली. "नाय पकडत," म्हटलं. 

११ ऑक्टो., रवि.
सकाळच्या पॅसेंजरने आत्याला रोह्याला नेलं. अण्णांना सांगितलं, देवीला नेतो, मग सुमनच्या मैत्रिणीकडे जेवण. सुमन सकाळीच पुढे गेली, आमची सोंगं पुरी करायला.
आत्याला सुमनचं लुगडं, डोक्यावरून पदर. "तोंड उघडू नको गाडीत," मी सांगितलेलं. कासू स्टेशनला तिकीट तपासनीस चढला. तिकीट मागितलं, बघितलं, दिलं.  आत्या खिडकीतून भातं बघत बसलेली. पिवळी पडलीत, कापणीला आलीत.
कुसुमआत्याला आधी सांगितलं नव्हतं. खाटेवरून मान वळवून बघितलंन. ओळखेना. मग,
"ताय?"
"व्हय गो."
"म्हातारी झालीस गो."
"आनि तू? तू काय परकरात हायस?"
हसता हसता रडायला लागल्या. मी बाहेर जाऊन बसलो. आत तासन्‌तास बडबड. बऱ्याचशा माणसांची नावं, मेलेली सगळी.
निघताना कुसुमआत्या हात सोडेना. ओढूनच काढावा लागला.
परत पेण स्टेशनात उतरलो, तर समोर प्रकाश. सायकल धरून उभा. आत्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. रोह्याच्या बाजूने आलेली गाडी. सायकलवर टांग टाकून गेला.

१३ ऑक्टो., मंगळ.
प्रकाश काही बोलत नाही. नेहमीसारखा चहाला बोलावला, "काम हाय" म्हणाला. कसलं काम, सीझन नाही.
शुक्रवारी फायनल. आपली आणि पाक.ची.

१४ ऑक्टो., बुध.
आत्याला सहज विचारलं, तिकडे मॅच असली की काय करता? भाजी निवडत होती. सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.
"दार लावून बसायचा. आवाज करायचा नाय. पाकिस्तान जिंकला की माझा महेश पयला धावत जातो फटाके लावायला. सगळ्या गल्लीत पयला. हरला तर दोन दिवस दुकान उघडत नाय. सगळे आमच्या तोंडाकडे बघतात, ह्यांना आनंद झाला का म्हणून."
"मग मनातून कोणाकडून?"
"आधी भीतीनं ओरडायचो. मग सवय झाली. आता खरंच वाटतं की काय कोण जाणे."
मग म्हणे, त्यांच्यातला तो डाव्या हाताचा बॉलर आमच्याच गल्लीतला. "माझ्या खिडकीची काच फोडलीन त्यानं. त्याची आई मेली तवा पंधरा दिवस माझ्याकडं जेवायचा."
त्या डावखुऱ्याला मी किती शिव्या घातल्या असतील. 

१६ ऑक्टो., शुक्र.
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
फायनल. घर तुडुंब, ओटीवर, खिडकीतसुद्धा माणसं. सुमनने आत्याला आत बसायला सांगितलं होतं. थोडा वेळ बसली. मग दारात आली. आवाजाने राहवलं नसेल.
आपलं चांगलं चाललेलं. दोघं सेट. मग तो डावखुरा आला, आणि आमच्या सेट माणसाचा स्टंप उडाला. एवढी माणसं, पण चिडीचूप. आणि त्या शांततेत आत्या:
"शाब्बास रे बाळा!"
टाळी पण वाजवलीन. एक.
सगळी डोकी तिकडे. आत्याचा हात तोंडावर. अण्णांचा चेहरा मी आधी कधी असा बघितला नव्हता.
कोणीतरी म्हणालं, "बघा, खातात कुनाचं!" प्रकाश उठून उभा राहिला. अण्णांना नाही, मला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:
"दिलीप, रविवारी रोह्याला कोन गेला व्हता, ते मी अजून कोनाला सांगितला नाय."
अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.
आपण हरलो. अण्णांनी उठून टीव्ही बंद केला. लोक गेले. ओटीवर बाहेरून एक चप्पल येऊन आपटली. पाठोपाठ "जा तुझ्या पाकिस्तानात!" कोण ते कळलं नाही. ओळखीचा आवाज होता, एवढं नक्की.
अण्णा आत्याशी एक शब्द नाही. माझ्याशीही नाही.

१७ ऑक्टो., शनि.
सेकंड शिफ्ट. निघण्याआधी सुमनशी भांडलो. म्हटलं, आपल्या घरात बसून त्यांच्यासाठी टाळी? पोर ओळखीचं असेल, पण आपला माणूस आऊट झालेला.
सुमन म्हणाली, "पेण-गडब कबड्डी असली की मी कोणाकडून ओरडते?"
"ते वेगळं."
"आनि माझे बाबा शेजारच्या गावाची टीम हरावी म्हणून पार कुठल्या लांबच्या टीमसाठी देवाला नारळ फोडतात. दोन्ही गावांत सोयरिकी हायत. पाण्यावरनं भांडान हाय आनि सोयरिकी पन हायत. लांबच्याशी कोण भांडतंय?"
"गडबच्या लोकांनी कोणाचा सुदाम मारला नाय."
सुमन उठून आत गेली. मी जिंकलो. शिफ्टभर बरं वाटलं नाही.

१८ ऑक्टो., रवि.
सकाळी हवालदार. तोच. आज हसला नाही.
"मावशी रोह्याला गेल्या व्हत्या, अशी खबर हाय."
मी तोंड उघडणार. काय बोलणार होतो मलाच माहीत नाही. आत्या उठून उभी राहिली, आपणच सांगून टाकायच्या बेताने. अण्णा पुढे झाले.
"गेल्या रविवारी ताय घरात होती. मी पन होतो. दोघा जेवलो. दुपारी झोपलो."
"नक्की, अण्णा?"
"मी एसटीत होतो. तुम्ही मला वळखता."
हवालदाराने वही उघडली. मग म्हणाला, "तुमचा शब्द म्हनून लिवतो. पन मावशी जातील त्या दिवशी साहेब बघतील."
तो गेल्यावर अण्णांनी खांबाला हात लावला. बसले. मला म्हणाले, "पुन्हा माझ्यावर ही वेळ आणू नको." आत्याकडे बघितलंच नाही. आत्याने लहानपणच्या नावाने हाक मारली, "बाळू…" अण्णा उठून परसात.

१९ ऑक्टो., सोम.
प्रकाशकडे गेलो. त्याची आई दारात, म्हणाली, "आत हाय." आज मान फिरवली नाही.
मी सरळ विचारलं. प्रकाश म्हणाला, "मी नाय सांगितला."
"मग?"
"खोलीभर मानसांत मीच वरडलो ना. कोन पन सांगल." मग म्हणाला, "सांगायला गेलो व्हतो. ठान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. परत आलो."
"का?"
"मला काय माहीत का."
खरं की खोटं, कळत नाही. लहानपणापासूनचा मित्र. त्याचे डोळे लाल होते. निघताना म्हणाला, "ते हरले ना दिल्या, की आय त्या दिवशी दोन घास जास्त जेवते. तू कदी बघितला नायस."
नव्हतं बघितलं.

२१ ऑक्टो., बुध.
आत्या गेली.
आधी ठाणं. साहेब नवा, तरुण. पासपोर्ट उलटसुलट केला. रोह्याचं विचारलं नाही. शिक्का मारला, मग स्वतःच्या कागदावर काहीतरी लिहिलं, बरंच. आत्याने विचारलं, "साहेब, पुन्यांदा येता येईल ना?" तो म्हणाला, "अर्ज करा." काय लिहिलं ते दाखवलं नाही. हवालदाराकडे बघितलं तर तो भिंतीकडे बघत होता.
स्टेशनवर अण्णा येणार नाहीत असंच धरलेलं. आले. शर्ट इस्त्रीचा. पण लांब उभे, नळाशी. आत्या आपण होऊन गेली.
"बोलणार नायस?"
अण्णांनी नळ घट्ट बंद केला.
"माझ्या तोंडून निघून गेला रे. मी काय तुमचं वाईट…"
"तुझ्याकडं तो पोरगा जेवायला होता," अण्णा म्हणाले. "दिलीपनं सांगितलंन."
"व्हय."
"मग टाळी वाजवलीस त्याचं काय नाय. सगळ्यांच्या पुढ्यात वाजवलीस."
"एवढी वर्षं मी तिकडं भीतीनं सगळ्यांच्याच पुढ्यात वाजवतेय रे," आत्या म्हणाली. "एकदा आपल्या घरात वाजवली."
गाडी लागली. अण्णांनी तिची पिशवी वर चढवली. खाली उतरून खिडकीशी आले, आणि चिडल्यासारखे म्हणाले, "पुढच्या टायमाला अर्जात रोह्याचं नाव घाल. आधीपासून घाल."
आत्याला ऐकू गेलं की नाही, नक्की नाही. हात हलवत होती.

३० ऑक्टो., शुक्र.
कराचीहून पोचल्याचं पत्र अजून नाही. टपालाला हल्ली उशीरच होतो. सुमन म्हणते, येईल. कुसुमआत्याकडे शिफ्टनंतर जाऊन आलो, ती पण तेच विचारते.
आज पाक.ची मॅच, ऑस्ट्रेलियाशी. टीव्ही लावला, एकटाच. प्रकाश आला नाही, त्याचं दार उघडं होतं.
पाक. हरावी असंच वाटलं. आधी वाटायचं तसंच. वाटतं ते वाटतं, इथे खोटं कशाला लिहू. फक्त डावखुरा बॉलिंगला आला की तेवढ्या ओव्हरपुरतं काही ठरवता येईना, तोंडात शिवी येऊन थांबायची.
मधेच अण्णा आले. "कोण खेळतंय?" सांगितलं. खुर्ची ओढून बसले. शेवटपर्यंत बसले.
कोणाकडून, ते मी विचारलं नाही.