टॉवेल सिस्टीम

२५ मे, रविवार
आजपासून फ्रेंच ओपन, आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्यावर माणसाने एक तरी विषय मुळापासून करावा, हे मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवत आलो. माझा विषय टेनिस. खेळायचं नाही. कोण जिंकणार ते आधी ओळखायचं.

सिस्टीम तयार आहे. लोक सर्व्हिस बघतात, बॅकहँड बघतात. मी टॉवेल बघतो. पॉइंट जिंकूनही जो टॉवेल मागतो, तो आतून हललेला असतो. जो मागत नाही तो शेवटपर्यंत जातो. इतकं साधं आहे आणि आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही. बायकोला, वीणाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, आपले टॉवेल शुक्रवारपासून वॉशरमध्ये पडलेत, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

२६ मे
व्याह्यांशी पैज लावली. श्रीरंगराव म्हणजे आमच्या सुनेचे, अंतराचे वडील. मुक्काम डब्लिन, ओहायो. भूल देणारे डॉक्टर होते. आयुष्यभर लोकांना झोपवलं, अजूनही फोनवर बोलायला लागले की मला पेंग येते. टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. पैजेला योग्य माणूस.

नियम: दोघांनी एकेक प्लेअर निवडायचा. ज्याचा पुढे जाईल तो जिंकला. ते हरले तर विहीणबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या इथे आमच्या घरी, नेपरव्हिलला पोचत्या करायच्या. मी हरलो तर काय, हे ठरवलं नाही. गरज वाटली नाही.

श्रीरंगराव म्हणाले, तुम्ही आधी निवडा. ते सगळीकडे असंच म्हणतात. दारात, गाडीत, ताटावर. मुलीकडचे लोक, रीत सांभाळतात. मी टॉवेलचा सखोल अभ्यास करून निवडला. योगायोगाने तो पहिला मानांकित निघाला. त्यांनी यादीच्या तळाचा कोणीतरी घेतला.

८ जून
जिंकलो. त्यांचा पहिल्याच दिवशी घरी गेला होता.

१४ जून
विहीणबाईंच्या मनगटाचा स्नायू दुखावलाय. पुरणपोळ्या पुढच्या महिन्यात चालतील का, असं श्रीरंगरावांनी विचारलं. मी म्हटलं, तब्येत महत्त्वाचीच, पण शब्द म्हणजे शब्द. माणसाने तत्त्वाला धरून राहावं.

२१ जून
श्रीरंगराव सहा तास ड्राइव्ह करून आले. पोळ्या स्वतः लाटल्या होत्या. एकीचा आकार थेट फ्लोरिडासारखा. मी आठ खाल्ल्या. वीणा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पित्त झालं असावं तिला.

रात्री कॅरीहून आमच्या मुलाचा, अर्णवचा फोन. म्हणतो, बाबा, यू ऑलवेज गेट फर्स्ट पिक, ऑफ कोर्स यू विन. पोराला इंजिनियर केलं पण निरीक्षण शिकवायचं राहिलं. मी फर्स्ट पिकने जिंकत नाही. टॉवेलने जिंकतो.

३० जून
विम्बल्डन सुरू. पुन्हा तुम्ही आधी, पुन्हा टॉवेल, पुन्हा योगायोगाने पहिला मानांकित. पैज: हरणाऱ्याने फॅमिली ग्रुपवर महिनाभर माझा फोटो डीपी ठेवायचा. मी हरलो तरी माझाच. वाक्यरचना जरा चुकली, पण त्यांनी हरकत घेतली नाही.

३ जुलै
व्याह्यांना हरवण्यात आता मजा राहिली नाही. बेटिंगचं अ‍ॅप डाउनलोड केलं. इलिनॉयमध्ये कायदेशीर आहे, म्हणजे जुगार नाही. पहिला मानांकित लावला तर तिथे काही मिळत नाही, म्हणून शुद्ध टॉवेलवर चार जण निवडले.

४ जुलै
चौघेही गेले. सुट्टीचा दिवस, एकाग्रता नव्हती.

७ जुलै
आणखी तिघे. अ‍ॅपला माणसाचं मन कळत नाही. सिस्टीम माणसांसमोर चालते, मशीनसमोर नाही. हा महत्त्वाचा शोध आहे. अ‍ॅप बंद.

९ जुलै
अ‍ॅप चालू. फक्त निरीक्षणासाठी.

१३ जुलै
श्रीरंगरावांविरुद्ध जिंकलो. ग्रुपवर माझा फोटो लागला, निळ्या ब्लेझरमधला. विहीणबाईंनी नमस्काराचे हात पाठवले.

अ‍ॅपवर निरीक्षण फार महाग पडतंय. ही पानं वीणाच्या हाती लागता कामा नयेत.

२० जुलै
वीणा किचनमध्ये आयपॅडवर रेसिपी बघत होती. मध्येच वर मेसेज आला, नरेंद्र, वी मिस यू! तिने विचारलं, कोणाला एवढी आठवण येतेय. मी म्हटलं, बँक असेल. ती म्हणाली, आपल्या बँकेला आपली आठवण येण्यासारखं काय उरलंय. अ‍ॅप डिलीट केलं. खरोखर.

२ ऑगस्ट
वीणा इलासाठी परकर-पोलकं शिवतेय. स्वतःच्या लग्नातल्या शालूचे काठ लावलेत त्याला. इला म्हणजे अर्णव-अंतराची मुलगी, आमची एकुलती एक नात, मार्चमध्ये झाली. बाळंतपणाला विहीणबाई तीन महिने कॅरीत होत्या, वीणाला कसेबसे दहा दिवस मिळाले. म्हणून अंतरानेच ठरवलं, इलाची पहिली दिवाळी नेपरव्हिलला. वीणाने मशीन बाहेर काढलं ते तेव्हापासून. गुणगुणत असते. नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण मात्र डब्लिनला ठरलाय.

थँक्सगिव्हिंग डब्लिनला का असावं?

१९ ऑगस्ट
आयडिया. यूएस ओपन. माझी दिवाळी विरुद्ध त्यांचं थँक्सगिव्हिंग. जिंकलो की इला दोन्ही सणांना इथे. वीणाला सरप्राइज. तिचा चेहरा डोळ्यासमोर आला आणि मला गहिवरून आलं.

श्रीरंगरावांना फोन केला. ते म्हणाले, अहो नको, नातीवर कसली पैज. मी म्हटलं, घाबरलात? ते म्हणाले, हो. मी एवढा हसलो की शेवटी त्यांना हो म्हणावं लागलं.

कलमं लिहून व्हॉट्सअ‍ॅप केली. हरणाऱ्या पक्षाने सणाला नातीला फक्त व्हिडिओ कॉलवर बघायचं, हे कलम माझं. नाहीतर हरूनही येऊन बसतील इथे आणि मला पेंग येईल. त्यांनी अंगठा पाठवला.

२२ ऑगस्ट
प्लेअर निवडले. ते म्हणाले, तुम्ही आधी. माझ्या मनात आलं, अर्णव काय बोलतो ते एकदाचं खोटं पाडावं. म्हटलं, या वेळी तुम्ही आधी. ते म्हणाले, छे छे, तुम्ही. मी हटलो नाही. बराच वेळ तुम्ही-तुम्ही झालं. शेवटी बिचारे म्हणाले, बरं, यादीत सगळ्यात वर कोण आहे? तोच द्या.

एवढे ढीगभर प्लेअर आणि या गृहस्थांनी यादीतलं पहिलं नाव उचललं! मला दया आली.

मी माझा निवडला. उंच पोरगा, नाव उच्चारता येत नाही, मी त्याला कोरडा म्हणतो. वर्षभरात त्याने टॉवेल मागितलेला मी पाहिलेला नाही. अशी शुद्ध केस माझ्या उभ्या अभ्यासात आली नव्हती.

२५ ऑगस्ट
कोरडा जिंकला. टॉवेल: शून्य. यादीतला पहिलाही जिंकला, पण दोनदा तोंड पुसून.

२७ ऑगस्ट
गणपती आले. आरतीत काही मागितलं नाही. फक्त कोरड्याचं नाव मनात घेतलं, तेही चुकीचं उच्चारून.

२८ ऑगस्ट
कोरडा पुन्हा जिंकला! वीणाला म्हटलं, थँक्सगिव्हिंगला मोठी टर्की सांगून ठेव. ती म्हणाली, आपण शाकाहारी आहोत.

३० ऑगस्ट
न्यूयॉर्कमध्ये आज प्रचंड दमट. कोरडा दोन सेट पुढे होता. मग रॅकेट हातातून निसटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा थेट पंचाच्या खुर्चीपर्यंत. कॉमेंटेटर म्हणाला, या मुलाने घाम पुसायला हवा. मी टीव्हीला ओरडून सांगितलं, पूस! टॉवेल घे! वीणा वरून धावत आली, तिला वाटलं आग लागली.

नाही घेतला. हरला.

यादीतला पहिला संध्याकाळी आरामात जिंकला. म्हणजे संपलं.

वीणा मशीनवर बसली आहे. हुकं लावतेय. मी खाली येऊन बसलोय.

३१ ऑगस्ट
श्रीरंगरावांचा फोन. म्हणाले, गंमत होती हो, दिवाळी तुमच्याकडेच, विषय संपला. मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. पण विहीणबाईंचं मनगट आठवलं आणि ती फ्लोरिडा पोळी आठवली. तोंडातून निघालं, शब्द म्हणजे शब्द.  ते म्हणाले, बरं.

माणूस आग्रह तरी करतो आणखी एकदा.

७ सप्टेंबर
वीणाला सांगितलं. आधी मानांकनपद्धतीची पार्श्वभूमी दिली, दमटपणाचा मुद्दा मांडला, मग दिवाळीवर आलो. वाटलं होतं ओरडेल.  तिने मशीनवर कव्हर घातलं आणि झोपायला गेली. दुपारचे तीन वाजले होते.

तिने ओरडायला हवं होतं.

९ सप्टेंबर
वीणाचा विहीणबाईंना फोन. मी जिन्यात उभा होतो. म्हणाली, कलमांवर माझी सही नाही, मी येतेय. पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग दोघी परकराच्या उंचीबद्दल बोलत बसल्या.

मी म्हटलं, मीही येऊ का? तिने विचारलं, तुमची सही आहे ना?

१७ ऑक्टोबर
वीणाला ओ'हेअर विमानतळावर सोडलं. बॅगेत चकल्या, लाडू, परकर-पोलकं. माझ्यासाठी शेवेचा डबा ठेवलाय. माझं कोणी वाईट केलेलं नाही. कलम मीच लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, पळवाट नाही कुठे. तीनदा वाचलं.

१८ ऑक्टोबर
शेव संपली.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी, सकाळ
एकट्याने तेल लावायला घेतलं. पाठीला हात पोचत नाही. राहू दिलं.

व्हिडिओ कॉल आला. फोन कशाला तरी टेकवलेला, मला छत आणि इलाचा एक पाय दिसला. पायात पैंजण. वर शालूचा काठ. वीणाचा आवाज येत होता, ती गात होती, मला दिसत नव्हती.

मग श्रीरंगरावांनी फोन उचलला. म्हणाले, नरेंद्रराव, नातीला व्हिडिओवर पाहिलंत ना? मी म्हटलं, पाय पाहिला. ते म्हणाले, मग कलम पूर्ण झालं. आता या.

पळवाट होती. भूल देणाऱ्याला सापडली.

तीच सकाळ, उशिरा
डब्लिनच्या वाटेवर, इंडियाना. हायवेचा रेस्ट एरिया. वीणाचा मेसेज: इथे पाहुणे फार झालेत, टॉवेल कमी पडताहेत, आपला घेऊन या.

टॉवेल आणलेला नाही. काहीच आणलेलं नाही. पायात घरातल्या चपला आहेत.

तोच दिवस, डब्लिन
पोचलो तेव्हा बाकीच्यांची जेवणं उरकली होती. इला माझ्याकडे आली. आली म्हणजे, अंतराने दिली आणि ती रडली नाही. तिने माझा चष्मा ओढला. परकर तिला थोडा मोठा झालाय, पुढच्या वर्षीही चालेल, असं वीणा म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. विमानतळानंतरचं पहिलं वाक्य.

श्रीरंगराव पारोसेच होते. अंगात रात्रीचा सदरा, हातात तेलाची वाटी. सगळ्यांच्या आंघोळी पहाटे झाल्या, यांची नाही. अर्णवने सांगितलं, ही इज वेटिंग फॉर यू, बाबा, ही हॅज नॉट ईटन सिन्स मॉर्निंग. मुलाचे वडील आंघोळीचे राहिलेत, तर मुलीच्या वडिलांनी आधी कशी करायची. हे त्यांचं म्हणणं. पंच्याहत्तरीला आलेत.

पाटावर बसवून त्यांनी माझ्या पाठीला तेल लावलं, जिथे माझा हात पोचत नव्हता तिथे. स्वतःचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि बाथरूमचं दार उघडून धरलं. म्हणाले, तुम्ही आधी.

मे महिन्यापासूनच्या सगळ्या पैजा एकामागून एक आठवल्या. अर्णव बरोबर होता. मी टॉवेलने एकदाही जिंकलो नव्हतो.

आंघोळ केली आणि आत स्टुलावर बसलो. हरलेले प्लेअर खुर्चीत बसून डोक्यावरून टॉवेल का ओढून घेतात, ते मला आज कळलं. मीही घेतला. जरा वेळ तसाच होतो.

बाहेरून वीणा म्हणाली, मॅच संपली असेल तर बाहेर या, श्रीरंगरावांची आंघोळ व्हायचीय.