दुसऱ्यांच्या लग्नांची पेटी

"दोन वर्षं झाली की निगेटिव्ह आम्ही भंगारात काढतो. त्यातली चांदी विकली जाते," असं पंचवटीतल्या एका फोटोवाल्याने माझ्या वडिलांना सांगितलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि वडिलांच्या सदऱ्याचं टोक धरून उभी होते. माझी आई नवसाबाई त्याच महिन्यात काविळीने गेली होती. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातल्या झेंडूचे हार ती लग्नघरी पोहोचवायची. अशाच एका लग्नात, नवरीच्या मागे हारांची पाटी घेऊन उभी असताना, ती फोटोत आली होती. आमच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता. माझे वडील बहिरू फक्त "चल" म्हणाले आणि आम्ही घरी आलो. आईचा चेहरा मला आता आठवत नाही. मृत्युपत्रात हे कशाला, असं वकिलांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, बाकीचं सगळं इथूनच निघालं आहे.

मी, शुभांगी शेखर गामणे, वय ४६, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढण्याचा व्यवसाय, राहणार पाथर्डी फाटा, नाशिक, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझा आजार पोटातून यकृतात गेला आहे, डोक्यात गेलेला नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट मी हे लिहू नये म्हणून घरातले सगळे मागे लागले आहेत. मी डॉक्टरांना दिवाळीचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "औषध चालू ठेवू." म्हणून मी घाई करते आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या आणि पती शेखर यांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा त्यांना द्यावा. लग्नसराईत मी घरी नसायचे. ते ओझरहून कारखाना सुटल्यावर यायचे आणि स्वतः कुकर लावायचे. तक्रार केली नाही. भात मात्र अजून कच्चा राहतो.

२. बँकेतली ठेव आणि दागिने मुलगी पल्लवी हिला. नथ तिने घातली नाही तरी चालेल, मोडू नये.

३. दोन्ही कॅमेरे, लेन्स आणि दिव्यांचे स्टँड सोमा याला. तो माझ्याबरोबर लग्नात दिवे धरत आला आहे. कॅमेरे विकायचे असतील तर त्याने खुशाल विकावेत. स्टँड कोणी घेणार नाही.

४. माहेरच्या जमिनीत माझं काही नाही. वडील गेल्यावर भाऊ राज याने हक्कसोडपत्र पुढे केलं आणि म्हणाला, "तायडे, कर सही. माहेर कुठं जात नाय." माहेर कुठे गेलं नाही, पण त्यानंतर मला चहा पाहुण्यांच्या कपात यायला लागला. राग सोडते असं लिहायला बसले होते. सुटत नाही. राजने हे वाचावं एवढंच.

५. आता पेटी. टीव्हीखाली वायफायला जोडलेली काळी पेटी आहे. तिच्यात दोन हार्ड डिस्क बसतात. एकीवर जे ठेवू ते आपोआप दुसरीवरही जातं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी असते. मी काढलेल्या लग्नांपैकी, बारशांपैकी जे माझ्या हाती उरलं ते सगळं तिच्यात आहे.

पूर्वी हे क्लाउडवर होतं. पल्लवीनेच लावून दिलं होतं. "आई, आता घर जळालं तरी काही जाणार नाही," असं म्हणाली होती. त्या भरवशावर मी घरातल्या जुन्या डिस्क पुसून पुन्हा वापरल्या. घर काही जळालं नाही. एका बारशाला मी बाळाच्या अंघोळीचेही फोटो काढले होते: पाय पसरून पाटावर बसलेली आजी, तिच्या पायांवर उघडं बाळ, बाजूला धुरी. आपल्याकडे कुठल्या घरात असा फोटो नाही? क्लाउडच्या कंपनीच्या यंत्राला तो अश्लील वाटला आणि एका सकाळी माझं खातं आतल्या सगळ्यासकट बंद झालं. मी पत्रं लिहिली. आजी कोण, बाळ कोणाचं, पाटावर का बसतात, सगळं समजावलं. बाळाच्या आईचं पत्र जोडलं. दर वेळी तेच उत्तर आलं, एक शब्दही न बदलता. पलीकडे माणूस आहे की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच दिवसांत मनमाडहून रेल्वेतले एक गृहस्थ आले. त्यांची बायको गेली होती. लग्नातल्या हळदीचा व्हिडिओ हवा होता.

"फोटो आहेत हो ताई घरी. तिचं हसू आवाजासकट पाहिजे. पोरगी लहान आहे आमची."

माझ्याकडे नाही, असं मला सांगावं लागलं. ते "असू द्या" म्हणाले आणि ठेवलेलं पाणी न पिता गेले.

मग ही पेटी आणली आणि दारोदार फिरले. आधी लोकांकडे फोटो द्यायला जायचे, आता मागायला. तुमच्याकडे पेनड्राइव्ह, डीव्हीडी जे असेल ते एका दिवसासाठी द्या, म्हणायचे. वणीला एक सासरेबुवा म्हणाले, "फोटोवालीनंच फोटो हरवले? आता पोराचं लगीन परत लावायचं का काय?" सगळे हसले, मीही हसले. मग त्यांच्या सुनेने डीव्हीडी शोधून दिली. ती गरम पातेल्याखाली ठेवत होते. तरी चालली. मनमाडच्या बाईंची हळद त्यांच्या बहिणीकडे सापडली. पेटीत पहिली तीच गेली. त्यांच्या मुलीला ती दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "ही मम्मी आहे? आवाज मोठा करा ना."

६. सासूबाई फुलाबाई यांना कोणी काही बोलू नये. गेल्या खंडेनवमीला मी दवाखान्यात होते. त्यांनी कॅमेऱ्यांबरोबर पेटीचीही पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, फुलाने पाणी शिंपडलं. पाणी जाळीतून आत गेलं आणि एक डिस्क गेली. "यंत्रच ना ते? मग त्यालाच का वगळायचं?" असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. नवी डिस्क आणायची राहिली. जो तो म्हणतो, आधी तू बरी हो. आता सगळं एकाच डिस्कवर आहे आणि ती मधूनच टकटक करते. मी पडल्या पडल्या ऐकत असते.

७. ही पेटी मी पल्लवीच्या नावे करते, कारण दुसरं कोणी नाही. शेखर म्हणतात, "मला ती चालू-बंदसुद्धा करता येत नाही." राज म्हणाला, "भंगारात घाल ना तायडे, लोकांचं लय टेन्शन घेती तू." पल्लवीने पुण्याहून फोनवर स्पष्ट सांगितलं, "नावावर कर, पण मी ती फॉरमॅट करणार. हे दुसऱ्यांचं सामान आहे, आई. उद्या कोणी विचारलं, आमचे फोटो तुमच्याकडे का, तर काय सांगू? आणि मला एक सांग, त्यात मी किती आहे?"

मी शोधलं. ती आहे. एका मांडवात, दोन खुर्च्या जोडून झोपलेली, दप्तर उशाला. कॅमेरा तिच्यावरून पुढे नवरीकडे जातो.

इथे माझ्या मालकीचं सगळं संपतं. लिहिलं ते वाचून पाहिलं, खाडाखोड नाही. खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं आहे आणि दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

सही: शुभांगी शेखर गामणे

साक्षीदार:
१. डॉ. मृण्मयी देवधर, उपचार करणाऱ्या डॉक्टर
२. ढुंढिराज शौचे, शेजारी

ठिकाण: नाशिक
दिनांक: ११ जून २०२५

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकील म्हणाले. म्हणूनच हे खाली लिहिते. पल्लवी, तुला बांधून घालायचं नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे, ते दुसऱ्यांचं आहे. पण मी नेहमी कॅमेऱ्याच्या मागे होते, त्यामुळे माझे फोटो तुला फारसे मिळायचे नाहीत. माझा आवाज मात्र त्या प्रत्येक लग्नात आहे. "नवरीची आई, इकडे बघा." "हसा की हो मामा, पोरगी जवळच दिलीय." ऐकायचंच असं नाही. पेटीत नवी डिस्क बसव आणि तुझ्या घरातला एक प्लग तिला दे. कोणी मागायला आलं, तर त्यांचं त्यांना काढून दे. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी दे.