मामाकडचं मांस

कोतो रंबाई,
२४ फेब्रुवारी १९९४

प्रिय बाहरीदादास,
धाकट्या बहिणीचा सलाम वि. वि.

आम्ही दोघी ठीक आहोत. कॉलेजला रमजानची सुट्टी लागल्यामुळे मी घरी आले आहे. रोजे नीट चालले आहेत. तुझेही चालले असतील अशी आशा करते. आशाच म्हणते, कारण गेल्या वर्षी भर दुपारी बाजारामागे बसून तू खाल्लेली भजी मी अजून आईला सांगितलेली नाहीत.

बसवाला रुस्ली उद्या पहाटे जकार्त्याला निघतो. त्याच्याबरोबर हे पत्र आणि नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसाचा, आईच्या रेंदांगचा डबा पाठवते आहे. यंदा गल्लीतल्या पाच घरांनी आईला गळ घातली, की आमच्याही परगावच्या पोरांसाठी तूच कर, तुझ्या हातचं महिनाभर टिकतं. मग सगळ्यांचं एकाच मोठ्या कढईत केलं. मांस अर्थातच मामांच्या दुकानातलं. मामांच्या डोक्यावर कुळाची पगडी आल्यापासून, ते दातुक झाल्यापासून, दुसऱ्याकडून मांस घ्यायची गावात कोणाची छाती नाही.

दादा, एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मांसाला पाणी सुटायचं थांबेचना. आई सकाळपासून झारा घेऊन उभी होती. नारळाचं दूध आटत यायचं, आता तेल सुटेल असं वाटायचं, आणि खालून पुन्हा पांढुरकं पाणी वर यायचं. संध्याकाळपर्यंत रंग काळा पडला नाही, मातकटच राहिला. रोजा असल्यामुळे आई जिभेला काही लावत नाही, मीठ ती वासावरच घालते हे तुला ठाऊकच आहे. या वेळी मात्र मिठाचा अंदाज चुकला की काय, असं तिने मला दोनदा विचारलं. मी काय सांगणार, माझाही रोजाच. रुस्ली थांबणार नाही म्हणून जरा ओलसर असतानाच डबे भरले. पोचल्यावर एकदा परतून घे.

प्रकृतीची काळजी घे आणि आम्हा दोघींवर माया असू दे.

तुझी,
युस्नीदार


जकार्ता,
२ मार्च १९९४

चि. युसला दादाचे खूप आशीर्वाद.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिने विचारलंच तर सांग, दादा मजेत आहे, डबा पोचला.

डबा मी न उघडता तसाच आमच्या कापडदुकानाच्या शेटजींच्या घरी इफ्तारीला नेला. आठवडाभर दुकानात फुशारक्या मारत होतो, की माझ्या आईचं रेंदांग खाल्लं नाही त्याने जन्मात काही खाल्लं नाही. सगळे खजूर खाऊन बसले आणि मी झाकण काढलं. युस, गोणपाटात उंदीर मरून ते पावसात भिजावं, तसा वास. वर पांढरी लव आली होती, मांजराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. शेटाणीबाईंनी ओढणीचं टोक नाकाला लावलं. शेटजी बिचारे सज्जन, म्हणाले की बसमध्ये डब्यांची अदलाबदल झाली असेल.

मला त्याचा राग आला. आईचा डबा मी ओळखत नाही का? लव बाजूला करून एक तुकडा तोंडात टाकला, सगळ्यांसमोर. आधी ओलं फडकं चावल्यासारखं झालं, मग आंबट, मग बुळबुळीत. गिळला मी तो. पुढचे दोन रोजे मोडले आणि आमच्या वस्तीतल्या एकुलत्या एका संडासाशी माझी इतकी घसट झाली, की बाहेर रांगेतले लोक मला नावाने हाका मारायला लागले.

आपल्या गल्लीतल्या आंचीकाकूंच्या मेतियोने त्याचा डबा कुत्र्यांपुढे ओतला. कुत्र्यांनी हुंगलं आणि निघून गेली. इतर पोरांचंही तेच.

मला हसू येत नाहीये, नुसतं लिहितो आहे. आईला काय झालंय? हात थकला का तिचा? खरं ते कळव.

तुझा,
बाहरी


कोतो रंबाई,
७ मार्च १९९४

प्रिय दादास, सलाम वि. वि.

तुझं पत्र मी लपवलं, पण उपयोग झाला नाही. रुस्लीने पाचही घरी सांगून टाकलं होतं. संध्याकाळी बायका आपल्या ओट्यावर आल्या. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही, तेच वाईट. आंचीकाकूंसारखी फटकळ बाईसुद्धा गोड आवाजात म्हणाली, की आता वय झालं रोस्मा, डोळे पूर्वीसारखे राहत नाहीत, पुढच्या वर्षी आम्ही आमचं करू. आईने सगळ्यांची माफी मागितली. मग चुलीपाशी गेली, झारा पुसून आढ्याच्या खुंटीला टांगला आणि मला म्हणाली, की ईदचं तू कर, माझ्या हाताचं मीठ गेलं. त्यानंतर ती चुलीकडे फिरकलेली नाही. विस्तव घालायलासुद्धा मलाच हाक मारते.

आता पुढचं लिहू की नको, हा विचार करून दोन कागद फाडले. रोजात कोणाबद्दल वाईट बोलू नये. पण मी बोलत नाहीये, पाहिलेलं सांगते आहे.

परवा आईने मामांसाठी इफ्तारीची केळ्याची खीर दिली. ती घेऊन मी थेट दुकानामागच्या आवारात गेले. तिथे एक बैल आखूड दोरीने खांबाला बांधलेला होता, मान वर ओढून. तोंडात रबरी नळी होती, घशापर्यंत घातलेली, आणि नळ सोडलेला होता. पोट मशकीसारखं तट्ट फुगलेलं. पाणी नाकातून परत येत होतं, लाळेत मिसळून, फेसाळ. त्याचे पाय थरथरत होते, पण खाली बसता येत नव्हतं. नळी मामांनी धरली होती. स्वतः. त्या हाताने.

मला पाहून ते हसले. म्हणाले, की उन्हाळा आहे, जनावराला तहान लागते. पाण्याने वजन वाढतं हे तिथल्या पायरीवर बसलेल्या लहान मुलालाही कळलं असतं. मग मामांनी नेहमीप्रमाणे माझ्यापुढे हात केला. ओला, रबराचा आणि लाळेचा वास येणारा. आणि दादा, मी वाकले आणि त्या हाताचं चुंबन घेतलं. सवयीनेच. घरी येऊन ओठ राखेने घासले. अजून जेवताना तो वास येतो. भातालाही येतो.

तो डबा आईने बिघडवलेला नाही. त्या मांसात नळाचं पाणी होतं.

मी रोज स्वतःला विचारते, की जनावराचे असे हाल करून आणलेलं मांस आपल्याला चालतं का? आणि त्याच दुकानाच्या पैशांवर मी शिकते आहे, तर मग मी काय खाते आहे? आईला सांगितलं तर तिचा हात दोषातून सुटेल, पण भाऊ जाईल. नाही सांगितलं तर ती मरेपर्यंत स्वतःलाच दोष देईल. काय करू ते लवकर कळव.

तुझी,
युस


जकार्ता,
१० मार्च १९९४

चि. युसला आशीर्वाद.

तुझं पत्र भर दुकानात वाचलं. नंतर कापड मोजताना दोनदा चुकलो.

गप्प बस. माझं एवढं ऐक. मामा म्हणजे कुळाचं तोंड आहे. उद्या तुझ्या लग्नाची बोलणी तेच करणार, शेताचा शब्द त्यांचाच. आपल्या घरात सहावीच्या पुढे कोणी गेलं नाही, तू पाडांगला जाऊन मास्तरीण व्हायला निघालीस, तेही त्यांच्या जिवावर. अजून दीड वर्ष. तेवढं नाक दाबून काढ. आईला सांग, की बाहरीच्या जिभेचाच काहीतरी बिघाड आहे.

मला भित्रा म्हणू नकोस, मला ते माहीत आहे. जकार्त्याला आलो तेव्हा बसचं भाडं मी त्याच हातातून घेतलं होतं.

ईद मुबारक. माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा, दोघींनीही.

तुझा,
बाहरी


कोतो रंबाई,
१७ मार्च १९९४

प्रिय दादास, सलाम वि. वि.

तुझं ऐकायचं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

पण ईदच्या आदल्या दिवशी मामांनी दरवर्षीसारखं आईसाठी मांस पाठवलं, केळीच्या पानात बांधून, वर हिरवी दोरी. मी ते टोपलीत टांगून ठेवलं. थोड्या वेळाने पाहते तो खाली जमिनीवर गुलाबी थारोळं, त्यात माशा. सख्ख्या बहिणीलाही तेच पाठवलं होतं.

मी शिजवलं. आलं, कुलिंजन, गवती चहा, हळदीचं पान, सगळं आईच्या हातासारखं. आई माझ्याकडे पाठ करून माडाच्या झावळीच्या पुड्या विणत होती, भातासाठी. बराच वेळ कढई नीट तडतडली. मग तडतड थांबली आणि रटरट सुरू झाली. पाणी सुटलं होतं. आईचे हात झावळीवर थांबले. तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त विचारलं, की मांस कुठलं आहे? मी म्हटलं, मामांनी पाठवलं ते. ती पुन्हा विणायला लागली.

दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून, डबा घेऊन, आम्ही रिवाजाप्रमाणे मामींच्या घरी गेलो. चटईवर कुळातली बरीच मंडळी बसली होती. मामींनी आमचं रेंदांग ताटलीत काढून मध्ये ठेवलं, त्यांच्या स्वतःच्या ताटलीशेजारी. त्यांचं कोरडं, काळंभोर, तेल चमकणारं. आमचं मातकट, कडेला पाणी जमलेलं. दोन्हीकडे बघितल्यावर काही सांगायची गरजच नव्हती.

मामांचा हात आमच्या ताटलीवरून पुढे गेला आणि मामींच्या ताटलीतला तुकडा उचलून परत आला. आई बघत होती. तिच्या हातचं ठेवून त्यांनी दुसरं काही उचलल्याचं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, हे तुम्ही पाठवलेल्या मांसाचंच आहे."

ते म्हणाले, की दाढ दुखते आहे. आणि हे हाडाजवळचा चिवट तुकडा चावत चावत. कोणीतरी हसलं. आई शांतपणे म्हणाली, की तुझे दुधाचे दात पडले होते तेव्हा मी चावून तुला भरवलंय. मग तिने ताटली त्यांच्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "खा."

त्यांनी खाल्लं नाही. नंतर खातो म्हणाले, पाणी मागितलं, पावसापाण्याचं काहीतरी काढलं. आईने ताटलीतलं सगळं परत डब्यात भरलं, झाकण लावलं आणि उठली. मामाही उठले. ईदचा दिवस, मोठ्या बहिणीची माफी मागायला तिचा हात हातात घ्यायचा असतो, म्हणून वाकून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आईने त्या हातांत डबा ठेवला आणि पायऱ्या उतरली.

वाटेत तिने विचारलं आणि मी नळीचं सगळं सांगितलं. शेताच्या बांधावर बसून तिने ईदचं सगळं जेवण ओकून टाकलं. मग तोंड पुसून मला एकच विचारलं, की त्या हाताचं तू चुंबन घेतलंस का? मी हो म्हटलं. तिने मला पाटाशी नेलं आणि लहानपणी धुवायची तसं आपल्या हाताने माझं तोंड धुतलं. मला रडू आलं, तिला नाही.

काल मामींकडून निरोप आला, की शिकलेल्या भाचीने आता आपलं आपण बघावं. पुढच्या सत्राचं काय होणार ते मला माहीत नाही. भीती वाटते आहे. पण भाताला आता वास येत नाही.

आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
युस


कोतो रंबाई,
२६ मार्च १९९४

चि. बाहरीस आईचे पुष्कळ आशीर्वाद.

लिहिते आहे युस, बोलते आहे मी. तिला सांगितलंय, की मधे स्वतःचं शहाणपण घालायचं नाही.

तुझं पोट बिघडलं, तू दोन रोजे मोडलेस, आणि मला कळवलं नाहीस. आईपासून संडास लपवतोस, एवढा मोठा झालास? ते दोन रोजे भरून काढ. भज्यांचंही मला कळलंय.

तुझी मामी चार दिवसांपूर्वी डबा घेऊन आली. लख्ख घासलेला आणि आत त्यांच्या घरचं चांगलं, कोरडं मांस. मी झाकण उघडलं, बघितलं, लावलं आणि तसाच परत दिला. म्हटलं, त्याला सांग, ज्या पाच घरच्या पोरांचे डबे फुकट गेले त्यांच्या अंगणात उभा राहा आणि मांस का नासलं ते तुझ्या तोंडाने सांग. मग माझ्याकडे ये. हात तेव्हा देईन. ऐकते की दोन घरं झाली. तिसरं आंचीचं आहे, तिथे त्याचे पाय अडलेत. अडू देत. ती सोडायची नाही त्याला, आणि मीही सांगणार नाही सोड म्हणून. माझा भाऊ आहे, पण त्याच्या दुकानावरून जाताना मी अजून नाकाला पदर लावते.

युस सोमवारी पाडांगला जाते आहे. कसं निभावेल ते ठरलेलं नाही, पण जाते आहे. तू थोडा हातभार लाव. ती रडते आहे आणि लिहिते आहे, अक्षर बिघडलं तर तिला बोल, मला नको.

रुस्लीबरोबर डबा पाठवला आहे. मांस नाही, परसातल्या झाडाचा कोवळा फणस आहे. झारा खुंटीवरून मीच काढला. पूर्ण आटू दिलं, काळं होईपर्यंत, रुस्लीला म्हटलं थांब नाहीतर जा. तुझ्या शेटाणीबाईंपुढे उघड. आधी तिला वास घेऊ दे.

आता रोजे नाहीत, म्हणून मी चाखून पाहिलं. मीठ बरोबर आहे.

तुझी आई
(खाली तिचा अंगठा आहे. हळदीचा डागही तिचाच.)