पायाची कुत्री आणि पदरातला गूळ

आबा, आपल्या घरात पुन्हा कारवानी कुत्री आली. मी हे लिहितेय आणि ती माझ्या पायाशी झोपलीय. झोपेत पाय हलवतेय, सशामागं पळत असणार. तेच लांब तोंड, तीच मुठीत मावंल अशी कंबर. तुम्ही असता तर आधी तिचा पंजा हातात घेऊन बघितला असता आणि मग मला चहा टाकायला सांगितला असता. चौथीतनं शाळा सोडलेल्या बाईनं पत्र लिहायला बसावं असं काय झालं, तर हेच झालं. बाकी सगळं बरं आहे. गुडघे दुखतात, त्याचं काय लिहायचं.

माझी नात, म्हणजे तुमची पणती, जनावरांची डॉक्टर झाली. बारामतीत तिचा दवाखाना आहे. गाई-म्हशीच जास्त येतात, पण तिचा जीव कारवानी कुत्र्यांत. तुमच्यावरच गेली म्हणायची. ती म्हणते, हल्ली जातिवंत म्हणून लोक काहीबी विकतात, घरातल्या घरात बहीण-भाऊ लावतात, पिल्लू आजारी निघालं की कालव्याकडंला सोडून देतात. तिला ही जात नीट राखायचीय. पिल्लं थोडीच, पण निरोगी. घर बघून द्यायची, आणि ज्याला सांभाळणं जमंना त्यानं तिलाच परत आणून द्यायची. त्यासाठी आधी एक चांगली मादी पाहिजे, तिला ती पायाची कुत्री म्हणते. "आजी, पुढची सगळी वेल हिच्यावर चढणार. हिच्यात खोट असली तर ती घरोघर जाईल." मी म्हटलं, खाण तशी माती, एवढं आमालाबी कळतं. आणि गाडीत जाऊन बसले. मला काय, तेवढंच फिरणं.

लासुर्ण्याला एका ऊसवाल्याकडं तरणी कुत्री होती. आबा, काय सांगू. रंग तर पिकल्या ज्वारीचा. आम्ही फाटकात उभ्या, तर ती बांधावरनं अशी आली की पाय टेकले का नाही ते कळलं नाही. येऊन माझ्या हातात तोंड दिलं. नात मालकाबरोबर गोठ्याकडं तिची आई बघायला गेली आणि मी अंगणात मालकाच्या आईपाशी बसले. ती अक्का माझ्याच वयाची, बोलायला माझ्यापेक्षा वरचढ. तिच्या माहेरची एक बाई आमच्या भावकीत दिलेली निघाली, मग काय. बोलता बोलता ती म्हणाली, "आवडली नव्हं? मग तोंड गोड करा की." तिनं आतनं गूळ आणला, मी तो खाल्ला, आणि तिच्याच हातची भाकरी दुधात कुस्करून कुत्रीला भरवली. तुम्हाला सांगायला नको याचा अर्थ काय. आपल्याकडं जनावर असंच ठरायचं. गूळ खाल्ला, हातानं घास भरवला, की शब्द गेला. मला वाटलं, माझ्या हातनं शुभकार्य झालं.

नात परत आली, माझं तोंड बघितलं, गुळाची वाटी बघितली. कुत्रीच्या छातीला नळी लावून बसली. बराच वेळ बसली. मग नळीची टोकं माझ्या कानांत घातली आणि म्हणाली, "ऐक." धप, मग फुस्स. धप, फुस्स. सायकलच्या ट्यूबमधनं वारा जातो तसं. बारामतीला नेऊन मशिनवर बघितलं तर तेच निघालं, काळजातली एक झडप नीट मिटत नाही. घरात सांभाळली तर ती चांगली जगेल, पण पिल्लं काढायची नाहीत. त्यात बाप विचारला तर तो आईचाच भाऊ. मालक काही खोटं बोलला नाही. त्याला त्यात काही वावगं आहे हेच ठाऊक नव्हतं.

कुत्रीला परत सोडून घरी आलो, तर नात जेवताना म्हणते, "आजी, तू शब्द दिलायस. आपण हीच आणू. राहील आपल्याकडं." मी विचारलं, मग तुझं काम? तर म्हणाली, "आत्ता एकीचीच जागा आहे. बघू पुढं कधीतरी." ताटाकडं बघून बोलत होती. पोरगी वर्षभर गावोगाव हिंडली होती, आणि माझ्या गुळाच्या एका खड्यापायी सगळं सोडायला निघाली. मी हातातला घास ताटात ठेवला.

आणि तेव्हा मला तुम्ही दिसलात. खुंटीवरची टोपी काढताना. माझी सुपारी फुटली होती, शालू आणायचं ठरलं होतं, आणि इंदापूरच्या बाजारात तुम्ही त्या नवऱ्या मुलाला बघितलं. त्याचा बैल गाडीखाली बसला होता आणि तो त्याला आसूड उलटा धरून दांड्यानं मारत होता. तुम्ही घरी आलात, पाणीसुद्धा प्याला नाहीत. त्यांचा नारळ पिशवीत घालताय, टोपी घालताय, आई दारात आडवी. "अवो, लोकं काय म्हणतील, सुपारी फोडून पालटला म्हणून?" आणि तुम्ही सांगताय, "म्हणू देत. माझा शब्द चार दिस वाईट दिसंल. पोरीला तितं हयात काढायचीय."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातनं गुळाची अख्खी ढेप घेतली आणि एसटीनं एकटी लासुर्ण्याला गेले. नातीला सांगितलं, देवाला जाते. अक्का अंगणात कडधान्य पाखडत होती. मी ढेप तिच्यापुढं ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, अक्का, मी शब्द मोडायला आले.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "गूळ खाऊन पालटलात व्हय. आन् वर ढेप आणलीया. आमच्यात गूळ न्हाय असं वाटलं का काय?"

"तुमी काय बी बोला, मी ऐकून घेते. पर तिच्या काळजात खोट हाय. तिला पिल्लं हुन देऊ नका, एवढंच सांगायला आले. हात जोडते."

"पिल्लं न्हाईत तर हिला कोण नेणार?"

"कुणीच न्हेऊ नये. तुमीच ठेवा."

आता तिनं सूप खाली ठेवलं. ज्वारीच्या रंगाची ती पोर येऊन तिच्या मांडीला टेकून बसली. मग अक्का म्हणाली, "न्हायतरी माझंबी काळीज तसलंच हाय. डॉक्टर म्हणतो, गच्चीवर चढू नगा. दोघी बसू खालीच." मग मला म्हणाली, "बसा आता. उभं ऱ्हाऊन काय भांडण हुतंय का?" चहा दिला. आणि ढेपंतला निम्मा गूळ फोडून माझ्याच पिशवीत परत घातला. म्हणाली, "दुसरी बघाल तवा लागंल. पर ह्या बारीला आधी नळी लावा, मग त्वांड उघडा."

घरी येऊन तो गूळ नातीपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. दुसरी मोरगावला मिळाली. देवाला जाते म्हटलं होतं, ते असं खरं झालं. एका शेरडंवाल्या घरची. रंग मातीचा, एक कान बाभळीच्या काट्यानं फाटलेला. रस्त्यात दिसली असती तर मी वळून बघितलं नसतं. पण तिची आई म्हातारी झाली तरी शेरडांमागं दिवसभर पळते, मावशी धडधाकट, आणि बाप लांबच्या गावचा. घरची बाई गूळ घेऊन बाहेर आली. मी तो घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. ती म्हणाली, "खावा की." मी म्हटलं, "बाई, आमच्यात आधी डॉक्टर जेवतो." नातीनं नळी लावली, डोळे, दात, सांधे बघितले, मशिनवर नेलं, रक्त तपासलं. एवढे दिवस तो खडा माझ्या गाठीतच. मुंग्या लागल्या तरी सोडला नाही. अन् एका दुपारी नात दवाखान्यातनं चपला न काढता स्वयंपाकघरात आली आणि माझ्यापुढं हात पसरून म्हणाली, "आजी, गूळ."

अर्धा तिनं खाल्ला, अर्धा मी. मग दोघी मोरगावला जाऊन कुत्रीला दूध-भाकरी भरवून घेऊन आलो. पिल्लं इतक्यात नाहीत, नात म्हणते तिची वाढ पुरी होऊ दे. मला घाई नाही. लासुर्ण्याला मी महिन्यातनं एकदा जाते. अक्कासाठी जाते असं सगळ्यांना सांगते.

हे पत्र घडी करून गुळाच्या डब्याखाली ठेवीन, टपालात टाकून तुम्हाला थोडंच पोचणार. एक सांगायचं राहिलं, आबा. त्या मुलाचा फेटा मला फार आवडला होता. तुम्ही नारळ परत करून आलात तेव्हा मी गोठ्यात बसून रडत होते. तुम्ही विचारलंत तर म्हटलं, डोळ्यात धूर गेला. गोठ्यात कुठला आलाय धूर. तुम्ही माझ्या हातातली वैरण घेतलीत आणि जनावरांना टाकलीत.