तिसऱ्या यंत्रापाशी

प्रिय बाबा,

नाही, आधी माझं पूर्ण होऊ दे. काल तुम्ही "बरं, बरं" म्हणत चपला घालून निघालात तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं. उरलेलं अर्धं इथे आहे. कागदासमोरून उठून गेलात तरी तो तिथेच राहील.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण मलाच ते एकदा ओळीने लावून बघायचंय. दोन वर्षांत आपण सहा शार्कना टॅग लावले. तुम्ही बोट स्थिर धरायचात, काका शेपटीला दोर घालायचे आणि मी पाठीवरच्या पंखाच्या बुडाशी ती बोटाएवढी नळी खोचायची. नळी दर दोन मिनिटांनी आपला नंबर आणि पाण्यातली खोली ओरडून सांगते. तळाशी बांधलेली आपली आठ यंत्रं, शार्क जवळून गेली तर ते ऐकतात आणि लिहून ठेवतात. संपलं माझं शास्त्र. आईच्या मते ही नुसती भोचक चौकशी, त्यासाठी एवढं शिकायची गरज नव्हती.

सहातल्या पाच गेल्या. कुठे गेल्या, देव जाणे. समुद्र मोठा आणि आपले कान आठच. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सरळ सांगितलं, एका तरी शार्कची सलग वर्षभराची नोंद आण, नाहीतर विषय बदल. मी ते बोटीवर सांगितलं तेव्हा रडत होते. तुम्ही तिकडे तोंड करून इंजिन पुसत होतात. मला वाटलं, तुम्ही ऐकलंच नाही.

उरली सहावी. तिचं नाव काकांनी आत्या ठेवलं, कारण ती न कळवता येते, सगळ्यांकडे रोखून बघते आणि न सांगता जाते. हे नाव कुणावरून पडलं ते तुमच्या बहिणीला अजून कुणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. चार महिने आत्याने मला पिदवलं. सकाळी पहिल्या यंत्रापाशी, दुपारी सहाव्यापाशी, मग आठवडाभर पत्ता नाही, मग एका दिवसात पाच ठिकाणी हजेरी. कशाचा कशाला मेळ लागेना. मला वेड लागायचंच बाकी होतं आणि मी इतकी खूश कधीच नव्हते.

मग चार दिवस काहीच नाही. आणि मग ती तिसऱ्या यंत्रापाशी आली ती राहिलीच. आठ महिने. भरतीला खोल, ओहोटीला वर, भरतीला खोल, ओहोटीला वर. मी त्याचा आलेख भिंतीवर चिकटवला, तुम्हाला हाताला धरून दाखवला. म्हटलं, बघा, हिला समुद्राचं वेळापत्रक पाठ आहे. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, छान आहे.

त्यावर मी चाळीस पानं लिहिली. मॅडमनी कधी नव्हे ती पाठ थोपटली. लेख छापायला गेला. मागच्या आठवड्यात, अगदी सहज, मी बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवून आकडे ताडून पाहिले. जुळले. म्हणजे बोटभराचाही फरक नाही. जिवंत प्राणी इतका शिस्तीचा नसतो, बाबा. एखादी वस्तू तळाशी नुसती पडून असली आणि तिच्या डोक्यावरचं पाणी वाढत-घटत असलं, तर असा आलेख येतो. आत्या खाली जात नव्हती, पाणी वर चढत होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मीच शिकवते. आणि मीच आठ महिने एका पडलेल्या नळीचं कौतुक करत बसले.

तरी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. वाटलं, टॅग गळून पडला असेल, होतं असं. पण परवा जाळं शिवता शिवता काकांपाशी रडगाणं गायले, आणि काकांच्या पोटात काय राहतंय? मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. आत्या तुमच्याच जाळ्यात अडकली होती. वर ओढली तेव्हाच मेलेली होती. काका म्हणाले, पोरीला सांगू या. तुम्ही टॅग काढून घेतलात, चार दिवस हत्यारांच्या डब्यात ठेवलात, मग दगडाला बांधून तिसऱ्या यंत्राशेजारी सोडलात. आणि म्हणालात, "तिचं वर्ष पुरं होऊ दे."

ते वाक्य आठवलं की मी विरघळते, आणि लगेच ती चाळीस पानं आठवतात. जाळ्याचं मला कळतं. जाळं कुणाला विचारून धरत नाही. पण पुढचं? यंत्र वर काढायला दर वेळी तुम्हीच बोट नेत होता. मी नोंदी बघून उड्या मारत होते आणि तुम्ही शेजारी उभे राहून नांगर ओढत होतात. माझा अभ्यास म्हणजे काय प्रगतीपुस्तक वाटलं तुम्हाला, रकाना रिकामा दिसला की भरून टाकायचा? एवढी मूर्ख मी जगासमोर झाले असते तर चाललं असतं. तुमच्यासमोर झाले, रोज झाले, आणि तुम्ही होऊ दिलंत.

आता कामाचं, ज्यासाठी हे लिहायला बसले. लेख मागे घेतेय असं मॅडमना कळवलंय. त्यांना कारण लेखी हवंय. मी दोनदा "टॅग गळून पडला" असं लिहिलं आणि दोनदा फाडलं. ते लिहिलं तर कुणी काही विचारणार नाही, तुमची बोटही या कामावर राहील. पण मग कागदावर आत्या जिवंतच राहील, कुठेतरी निघून गेलेली. ती जाळ्यात मेली, ही माझ्या दोन वर्षांतली सगळ्यात पक्की नोंद आहे आणि ती फक्त तुमच्याकडे आहे. काकांना ना तारीख आठवते, ना जागा. मला सगळं हवंय. कोणत्या दिवशी, जाळं नेमकं कुठे टाकलं होतं, किती खोल. ते मी तुमच्या नावानिशी लिहिणार आहे. त्यानंतर तुम्हाला या कामावर कुणी ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असावं म्हणून आधी सांगतेय. तोंडावर विचारलं तर तुम्ही "जेवलीस का?" म्हणाल आणि मी पुन्हा गप्प बसेन. म्हणून काकांना घेऊन तुमचीच बोट नेतेय. बुडी मारून ती नळी वर काढणार आहे. दुपार उलटेपर्यंत येईन, तोवर या कागदाची मागची बाजू कोरी आहे. काका खालून हाका मारतायत आणि आत न्हाणीघरातला तुमचा नळ आत्ताच बंद झाला. निघते.

तुमचीच, रागावलेली,
ढापणी